भोकं पडलेल्या बशा

रेवदंड्याच्या खाडीजवळच्या आमच्या कॉलेजात मायक्रोबायोलॉजी म्हणजे मी आणि लॅब सांभाळणारे नामदेवमामा. दरवर्षी ॲडमिशन घटत गेल्या, किस्से मात्र साठत गेले! यंदा एकच फॉर्म आला, तोही चुकून. जूनमध्ये डिपार्टमेंटला कुलूप लागलं.

*

व्हायरसचे आकार मी अठरा वर्षं फळ्यावर काढले. कुणी गोल, कुणी काठीसारखा. सगळ्यांत देखणा फाज, बॅक्टेरियाला मारणारा व्हायरस: वीस त्रिकोणांचं डोकं, खाली शेपूट, सहा पाय!

एकदा एका मुलीचे वडील चौकशीला आले. "मॅडम, तुमी सोता बघितलाय?"

"नाही हो, तेवढा मोठा मायक्रोस्कोप आपल्याकडे नाही."

"मंग पोरीला काय दाखवनार?"

मुलगी कॉमर्सला गेली.

*

आमची विद्यार्थिनी स्वप्नाली हिने प्रदर्शनासाठी पुठ्ठ्याचा फाज केला. मोडक्या छत्रीच्या काड्यांचे पाय लावले. प्राचार्य जाम खूश! दिवाळीत बघते तर तो गेटवर लटकतोय, आत बल्ब. प्राचार्य म्हणाले, "कंदील झकास हं मॅडम! फक्त पाय काढावे लागले."

*

मग तिने खाडीच्या पाण्यातून खरा फाज शोधायला घेतला. काचेच्या बशीत बॅक्टेरियाची साय धरते. फाज असेल तिथे सायीला भोक पडतं. एक फाज मिळाला असता तर अनुदानाचा प्रोजेक्ट मिळाला असता, डिपार्टमेंट तरलं असतं. तीन महिन्यांनी, एका शनिवारी भोकं दिसली! पोरगी नाचली.

सोमवारी बशा लख्ख धुतलेल्या. मामा म्हणाले, "भोकं पडल्याली, खराब झाली म्हनून उकळून धुतली."

स्वप्नाली ढसाढसा रडली. मी मामांवर नको तेवढी ओरडले. "अहो, भोकंच तर हवी होती! पुन्हा पडली तर जिवापाड जपा, कुणाला हात लावू देऊ नका!"

मामांनी मान हलवली.

*

पुढे सहा वर्षं पोरांनी प्रयत्न केले. सकाळी तासभर आधी येऊन मामा लॅब उघडायचे. आम्ही पोचेपर्यंत एखादी बशी कमीच भरायची. फुटली असेल म्हणून मी सोडून द्यायचे. उरलेल्यांत एक भोक दिसेल तर शपथ! पोरं कंटाळली. मीही हरले.

*

कुलूप लागायच्या दिवशी मामांनी कोपऱ्यातलं कपाट उघडलं. कपाट बशांनी भरलेलं. प्रत्येक बशी पेपरात गुंडाळलेली, वर पोराचं नाव. मी एक सोडली. साय वाळून गेलेली, आणि सायीत भोकंच भोकं. दुसरी सोडली, तिसरी सोडली, सगळ्यांत तेच.

मामा हसून म्हणाले, "समद्या हाईत मॅडम. एकीलाबी कुनाचा हात लागू दिला न्हाय!"