मावशीच्या चारित्र्याची पडताळणी

माझी मावशी चाव्या बनवते. बाजाराच्या तोंडाशी तिची टपरी आहे, एक माणूस जेमतेम मावेल एवढी, आणि मावशी एका माणसापेक्षा थोडी जास्तच आहे. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. एकीकडे गिऱ्हाइकाशी तावातावानं भांडायचं आणि दुसरीकडे कानशीनं चावी अचूक घासायची, हे तिलाच जमतं. बंद दार दिसलं की हिचे हात शिवशिवतात.

तर या मावशीला परदेशात नोकरी लागली! भलंमोठं हॉटेल, शेकडो दारं, आणि सगळ्या कुलपांची देखभाल तिच्याकडे. व्हिडिओ कॉलवर तिनं गप्पा मारता मारता एक अडेल कुलूप असं काही उघडलं, की तिकडचा मॅनेजर खुर्चीतून उठूनच उभा राहिला. तेव्हापासून आमचे पाय जमिनीवर नव्हते. मावशी कधी विमानात बसलेली नाही. ती रोज बॅग भरायची, उचलून बघायची, परत उपसायची. मी ओरडायचे, पण खरं सांगायचं तर मलाही झोप येत नव्हती.

व्हिसाचे बाकीचे कागद झाले, एकच राहिला. या बाईनं कधी गुन्हा केलेला नाही, असा पोलिसांचा दाखला. अर्ज भरला, बोटांचे ठसे दिले. आता हवालदार घरी येणार, शेजारीपाजारी चौकशी करणार आणि मग शेरा लिहिणार. शेरा चांगला आला तर विमान, वाकडा आला तर जन्मभर टपरी.

हवालदार आला तो नुकताच बदलून आलेला, भलताच काटेकोर. चहासुद्धा नको म्हणाला. त्यानं समोरच्या काकूंचं दार वाजवलं. काकू निवृत्त नर्स. आवाज असा, की अख्खा वॉर्ड खडबडून जागा व्हावा. मी आणि मावशी आमच्या दारात कान देऊन उभ्या.

"यांना पोलिसांनी कधी नेलंय का?" हवालदारानं विचारलं.

"हिला? छे! पोलिसांची गाडी आमच्या गल्लीत कशाला मरायला येईल?"

हवालदाराचं पेन थांबलं. "खालचा लाँड्रीवाला म्हणतो, महिन्या-दोन महिन्यांनी गाडी येते आणि यांना घेऊन जाते."

"त्याचं काय ऐकता! त्याला शर्ट कुणाचा आणि पँट कुणाची ते कळत नाही."

"काकू, तुमच्यापैकी एक जण खोटं बोलतोय. अशानं मी चांगला शेरा कसा लिहू?" म्हणत त्यानं फाइल मिटली. गेलं विमान!

मावशीचा मात्र पारा चढला. "अहो, गाडी येते, खरंच येते! पण कशाला? तुमच्यासाठी दारं उघडायला! कुणी म्हातारं माणूस आत पडलेलं असतं, कुठं लेकरू कोंडलेलं असतं. मग तुमच्या साहेबांना माझी आठवण होते!"

काकूंनी आ वासला. ही गोष्ट बाहेर कुणालाच माहीत नव्हती. आपण कुणाचं दार उघडलं हे चारचौघांत बोलायचं नाही, हा मावशीचा नियम. कुठं गेली होतीस म्हणून शेजाऱ्यांनी विचारलं, की "काम होतं" एवढंच उत्तर.

हवालदारानं ठाण्यात फोन लावला. पलीकडचं हसणं आम्हाला जिन्यापर्यंत ऐकू आलं. "अरे, आपल्या चावीवाल्या बाई त्या! येताना घेऊनच ये त्यांना. इथं शस्त्रांच्या कपाटाचं कुलूप अडलंय सकाळपासून!"

मी आनंदानं उडीच मारली. हवालदार ओशाळं हसला आणि त्यानं फाइल परत उघडली. मावशी मात्र हसली नाही. ती काकूंकडे वळली.

"म्हणजे गाडी तुम्हीही बघत होतात, आणि इतकी वर्षं मी तुम्हाला चोर वाटत होते?"

"वाटत होतीस," काकू म्हणाल्या. "सगळ्या मजल्याला वाटत होतीस. आम्ही कुणी बोललो नाही, एवढंच."

"आणि तरी तुमच्या घराची चावी माझ्याकडे ठेवायला दिलीत?"

"मग काय लाँड्रीवाल्याकडे ठेवू? माझ्या घरातला चमचा कधी हलला नाही. मी पडले तेव्हा दवाखान्यात तू नेलंस. बाहेर तू काय करतेस ते बाहेरच्यांनी बघावं."

जिभेनं बाजार गाजवणारी मावशी जिन्याच्या पायरीवर बसून घळाघळा रडायला लागली. माझेही डोळे भरून आले. ज्या बाईला चोर समजत होत्या, तिच्यासाठी काकू पोलिसाच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलल्या होत्या, आणि त्याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं.

हवालदार घसा खाकरून म्हणाला, "शेरा मी चांगला लिहितो. काकू, शेजारी म्हणून तुम्हाला आणखी काही सांगायचंय?"

काकूंनी मावशीकडे पाहिलं. त्यांचा तो आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"लिहा, काम झालं की हिला परत पाठवा म्हणावं त्या हॉटेलवाल्यांना."

"असं नाही लिहिता येत हो."

"मग फोन करून सांगा त्यांना."