कापेलची गोळी

आताबोचं पोट दिसायला लागलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद झाला तो तिच्या सासूला. लोसिकेची बायको होऊन तिला बरीच वर्षं झाली होती आणि कूस काही उजवली नव्हती. सासूनं शेळीची चरबी तिच्यासाठी बाजूला ठेवायला सुरुवात केली, नदीच्या कोरड्या पात्रातल्या झिऱ्यावरून पाणी आणायचं काम तिच्याकडून काढून घेतलं, आणि स्वतःच्या गळ्यातली मण्यांची एक माळ उतरवून तिच्या गळ्यात घातली. आताबो झोपडीत एकटी असली की पोटावर हात ठेवून बसायची. आत काही हलायचं नाही. पोर झोपाळू असेल, असं ती स्वतःला समजवायची.

दिवस भरले, उलटून गेले, पोट वाढतच राहिलं. केनियाच्या उत्तरेकडच्या तुर्काना मुलखात हे दुखणं कुणाला ओळखू येत नाही असं नाही. वस्तीवस्तीतून अशी पोटं असतात. सासूला फक्त ते ओळखायचं नव्हतं. शेवटी वैदूला बोलावलं. त्यानं तापलेल्या लोखंडानं पोटावर चटके दिले. कातडी जळाली, आतली गाठ तशीच राहिली. सासूनं माळ परत मागितली नाही, आताबोनंच ती काढून तिच्या हातात ठेवली. त्याच वर्षी लोसिकेनं अपुआला दुसरी बायको करून आणलं, आणि आल्या आल्या तिला दिवस गेले.

आताबोला उठता-बसता दम लागायला लागला तेव्हा लोसिकेनं तिला लॉरीवर बसवून शहरातल्या दवाखान्यात नेलं. ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी तिला एक तसराळं दाखवलं. त्यात पांढरट पाण्याच्या पिशव्या होत्या, लहानमोठ्या, सोललेल्या द्राक्षांसारख्या. आताबोनं त्या लगेच ओळखल्या. बोकड कापला की कधीकधी कलेजीत अशाच पिशव्या निघतात. त्या काढून कुत्र्यापुढे टाकायच्या, हे ती लहानपणापासून करत आली होती.

डॉक्टर म्हणाले, "तिथंच चुकतं, आई. कुत्रं ते खातं, त्याच्या पोटात जंत होतात. जंतांची अंडी त्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात, केसांना लागतात, तोंडाला लागतात. तिथून तुमच्या हाताला आणि हातावरून पोटात, त्यांच्याच मग अशा पिशव्या होतात."

त्या मुलखात पोक्त बाईला सगळेच आई म्हणतात. आताबोला त्या दिवशी ते ऐकवलं नाही.

ती घरी परतली तेव्हा अपुआची मुलगी आलीम रांगत होती. पोरगी घाण करायची आणि कापेल, घरचा ठिपक्यांचा कुत्रा, तिला चाटून लख्ख करायचा. सगळीकडे असंच चालतं. पाणी प्यायलाच पुरत नाही, ढुंगण धुवायला कुठून आणणार? आताबोनं कापेलला काठीनं हाकललं तशी अपुआ भडकली.

"पोरगी माझी आहे, थोरले. कुत्र्याला हाकलतेस, मग धुवायला पाणी कोण आणणार? तू?"

"आणीन," आताबो म्हणाली.

आणि तिनं ते आणलं. पोटावरचे टाके ओले असताना ती झिऱ्यात उतरायची, वाटीवाटीनं पाणी उपसून एक कॅन जास्तीचा भरायची आणि डोक्यावरून घेऊन यायची. वस्तीतल्या बायकांना हे नवलच होतं. पण पोरीला धुवायचं, खाऊ घालायचं, झोपवायचं, सगळंच हळूहळू आताबोकडे आलं. अपुआलाही ते सोयीचं होतं. आलीम बोलायला लागली तेव्हा दोघींनाही आई म्हणायची, पण रडताना यायची ती आताबोकडे.

मग एकितेला नावाचा माणूस यायला लागला. जंतांची गोळी कुत्र्यांना घालायच्या कामावर त्याला एका संस्थेनं नेमलं होतं. तो मोटरसायकलवरून यायचा आणि तिचा आवाज ऐकताच वस्तीतली झाडून सगळी कुत्री पळून जायची. पहिल्या खेपेला त्याला एकही सापडलं नाही, वर एका कुत्रीनं त्याच्या पोटरीचा चावा घेतला. आताबोनं कापेलला हाक मारली, चरबीच्या गोळ्यात गोळी दडवली, त्याच्या जबड्यात सारली आणि गिळेपर्यंत नरडं चोळत बसली. एकितेला बघतच राहिला. तेव्हापासून दर दीड महिन्यानं तो आला की ती त्याच्याबरोबर शेजारच्या वस्त्यांवरही जायला लागली. गोळी दिलेलं कुत्रं बांधून ठेवायचं, त्याची विष्ठा जाळून पुरायची, हेही तिनंच अंगावर घेतलं. लोक तिला कुत्र्यांची दाई म्हणायला लागले. ती हसण्यावारी न्यायची.

लोकांना एक गोष्ट मात्र ती पटवू शकली नाही. बोकड कापला की कलेजी-फोपसं कुत्र्यांना घालू नका, खड्डा करून पुरा, असं ती सांगत फिरायची. एका म्हाताऱ्यानं तिला विचारलं, "मांस आम्ही खातो, कातडं विकतो. कुत्र्याला आतलं नाही घालायचं तर काय घालू, माझी वहाण?" तिनं खड्डा खणून दिला आणि तिची पाठ वळताच कुत्र्यांनी तो उकरला.

त्यानंतर पाऊस आलाच नाही. पुढच्या सालीही आला नाही. आधी गुरं मेली, मग मेंढ्या, मग चिवट म्हणवणाऱ्या शेळ्याही. वाटेवर, झुडपांत, झिऱ्याच्या काठावर जनावरं मरून पडली. माणसं ताडफळं चघळून दिवस काढत होती आणि मुलखात कुत्री तेवढी तुकतुकीत झाली होती. किती खड्डे खणणार? आताबोनं पहार ठेवून दिली.

अशात एकितेला एकदा पायी आला. काम बंद झालं होतं, मोटरसायकल संस्थेनं परत नेली होती. पैसे दुष्काळाच्या धान्याकडे वळवले असं त्याला सांगण्यात आलं होतं. खिशात उरल्यासुरल्या गोळ्या होत्या त्या त्यानं आताबोच्या पदरात टाकल्या. तिनं दुसऱ्या कुणाच्या कुत्र्याला एकही दिली नाही. सगळ्या कापेलसाठी ठेवल्या. त्याही संपल्या.

तिनं लोसिकेला म्हटलं, कुत्रा कुणाला तरी देऊन टाक. लोसिके म्हणाला, "उरलेल्या शेळ्या कुणाच्या जिवावर आहेत? तुझ्या?" त्याचंही चूक नव्हतं. पण आलीम दिवसभर कापेलच्या गळ्यात हात टाकून असायची, त्याच्या अंगावर डोकं ठेवून झोपायची, आणि आताबोला ते बघवत नव्हतं. एका सकाळी तिनं दोरी उचलली. दोरी बघून कापेल शेपूट हलवत आला, दोरीबरोबर चरबी मिळते एवढं त्याला ठाऊक होतं. ती त्याला पात्राच्या पलीकडे घेऊन गेली. घरात असलेली शेवटची चरबी तिनं त्याला दिली, आणि तो खात असताना पहार घातली. एका घावात झालं नाही.

आठवड्याच्या आत तरसांनी काटेरी कुंपण फोडून दुभत्या शेळ्या नेल्या. सकाळी लोसिके रक्ताच्या डागांवरून चालत गेला आणि हात हलवत परत आला. अपुआ आताबोला म्हणाली, "आता पोरीला दूध कुठलं देशील ते सांग." लोसिकेनं भावाच्या वस्तीवरून दोन नवी कुत्री आणली. त्यांना आताबोनं हात लावला नाही.

पाऊस परतल्यावर शहरातले डॉक्टर पोटं तपासायचं यंत्र घेऊन शाळेच्या झाडाखाली आले. आताबो आलीमला घेऊन गेली. आधी तिचंच पोट तपासलं. गाठी परत धरल्या होत्या, बऱ्याच. तिला अंदाज होता. मग तिनं आलीमला फळीवर निजवलं. तरुण डॉक्टरनं यंत्र फिरवलं, एका जागी थांबवलं, परत फिरवलं.

"केवढी आहे?" आताबोनं विचारलं.

त्यानं मूठ करून दाखवली.

"कधीपासून?"

"नक्की नाही सांगता यायचं, आई. पण एवढी व्हायला खूप वर्षं जातात. पोरगी अगदी तान्ही असतानाच जंताचं अंडं पोटात गेलं असावं."

तान्ही असताना म्हणजे आताबो दवाखान्यात पडली होती तेव्हा. ती पहिला कॅन डोक्यावर घेऊन आली त्याच्या आधीच. तिनं पोरीचं झंपर खाली केलं आणि तिला उठवलं. घरी येईपर्यंत आलीम वाटेभर यंत्राच्या थंडगार मलमाबद्दल बोलत होती.

आलीमचं ऑपरेशन झालं. मोठी गाठ निघाली. फुप्फुसाजवळ आणखी एक होती, तिथं हात घालायची डॉक्टरांची तयारी नव्हती. त्यांनी औषध दिलं, वाट बघा म्हणाले. आताबोनं स्वतःचं पोट दुसऱ्यांदा कापू दिलं नाही. पोरीला नेण्या-आणण्यातच घरातली होती नव्हती ती सगळी जनावरं गेली होती, आणि तिला आता शहराची लॉरी नको वाटत होती.

पुढचा उन्हाळा तिनं काढला, त्याच्या पुढचा अर्धाच. अंगावर मांस उरलं नव्हतं, पोट तेवढं ताठ होतं. शेवटी शेवटी तिनं लोसिकेला जवळ बोलावलं. मेल्यावर त्या मुलखात सगळ्यांच्याच नशिबी खड्डा येत नाही, प्रेत रानात ठेवून देतात. रानातली जनावरं असतात, ऊन असतं, भागतं. आताबोला ते नको होतं.

"मला खोल पूर," ती म्हणाली. "वर दगड जास्त ठेव. माझ्या पोटात आहे ते कुत्र्यांना लागू देऊ नकोस."

"एवढं बोलू नकोस," लोसिके म्हणाला.

"ठेवशील का, ते सांग."

ठेवीन म्हणाला, आणि त्यानं शब्द पाळला. जमीन कडक होती, हवा तेवढा खोल खड्डा झाला नाही, म्हणून त्यानं दगडांचा ढीग कमरेएवढा केला. अपुआनं दगड वाहिले. आलीमलाही वाहायचे होते. जड उचलू नको, असं तिला सांगितलं तरी तिनं ऐकलं नाही.

झिरा आटल्यावर महिन्याभरात वस्ती हलली. पुढे वस्तीतल्या उरलेल्या शेळ्या होत्या, मागे माणसं, आणि कुत्री त्यांच्यामधून पळत होती.