विंचला वेगळी बॅटरी

एप्रिलचा दुसरा रविवार. विंचचे, म्हणजे तार गुंडाळत ओझं ओढणाऱ्या यंत्राचे, साडेनऊ हजार, आणि ते बसवायला ट्रॅक्टरच्या पुढं लोखंडी प्लेट वेल्ड करून घेतली तिचे अठराशे. पडेगावच्या शेतावर पैसे देताना हजर होतो मी, माझी बायको, चिकलठाण्याहून आलेला वेल्डर आणि थोरले भाऊ. दादा बाजेवर बसून म्हणाले, "आधी खेळण्यातला ट्रॅक्टर आणला, आता त्याला सोंड लावली."

ट्रॅक्टर छोटा आहे, बॅटरीवर चालतो. सीताफळाच्या ओळींतून फिरायला मी दोन वर्षांपूर्वी घेतला. बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकामागून एक जोडलेल्या, मिळून अठ्ठेचाळीस. विंच हवं होतं विहिरीसाठी. दर उन्हाळ्यात पाणी खाली जातं, पंपाची जाळी गाळानं बुजते, आणि पंप वर काढून धुवावा लागतो. पाच-सहा माणसं दोराला लागतात. आमच्याकडं हे काम सावडीनं होतं. तुम्ही आमचा दोर ओढा, आम्ही तुमचा ओढू. पैशाचा विषय नाही.

पण फेब्रुवारीत दादांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. तीन महिने वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणून यंदा ते कुणाला बोलवायलाच तयार नव्हते.

"बोलावलं तर उद्या मला त्यांच्या विहिरीवर जावं लागंल. कुठल्या तोंडानं बोलवू?"

"मी जाईन तुमच्या जागी."

"तुझे हात पेन धरायचे."

"मग मजूर लावू."

"शेजारी असताना मजूर? नाय. मी काढतो हळूहळू."

हे 'हळूहळू' माझ्या डोक्यातून जाईना. ऑफिसातून दुपारी फोन करायचो, "विहिरीवर गेला नाहीत ना?"

"गेलो होतो पाणी बघायला. बघायला पण डॉक्टरची चिठ्ठी लागती का?"

विंच बारा व्होल्टचं होतं. चारांपैकी पुढच्या एका बॅटरीवरूनच मी त्याच्या दोन्ही वायरी घेतल्या. किती अँपिअर, किती मिनिटं, सगळा हिशोब मांडला. एकदा पंप काढायला बॅटरीचा दहावा भागही लागत नव्हता. तरी जीव थाऱ्यावर नव्हता. रोज संध्याकाळी पुंडलिकनगरच्या घरून शेतावर जायचं, ट्रॅक्टर मागून लिंबाला बांधायचा आणि विंचनं एक मोठा धोंडा बांधापर्यंत ओढायचा. रात्रभर चार्जिंग, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बायको म्हणाली, "त्या धोंड्याला तरी एक दिवस सुट्टी द्या."

पुढच्या शनिवारी खरं काम काढलं. विहिरीवरच्या कप्पीतून तार सोडली, पंपाला अडकवली, बटण दाबलं. पंप पाण्याबाहेर आला, अर्ध्याच्या वर आला, आणि विंचचा आवाज बसत गेला. मग ते थांबलंच. विंचच्या ब्रेकवर पंप लटकत राहिला. ट्रॅक्टर सुरू करून पाहिला, तोही ढिम्म.

मी मीटर लावला. तीन बॅटऱ्या साडेबाराच्या वर, पुढची दहाच्याही खाली. तेव्हा समजलं. चार्जर चौघींना एकच साखळी धरून भरतो आणि एकूण आकडा पुरा झाला की थांबतो. रोजच्या चाचणीत मी एकटीलाच उपसत होतो, आणि ती कधीच पुरती भरत नव्हती. मी जितकी काळजी घेतली, तितकी ती रिकामी झाली.

मान वर केली तर दादा कठड्यापाशी उभे. पंपाचा जुना दोर मनगटाला गुंडाळून त्यांनी पाय रोवले होते.

"सोडा तो दोर!"

"आवाज कुणावर चढवतो?"

"तुमच्यावर!"

उभ्या आयुष्यात मी त्यांच्याशी असं बोललो नव्हतो. ते सोडेनात आणि मला त्यांच्या हाताला हात घालवेना, पोटाला झटका बसला तर? एवढ्यात बायको बांधावर गेली आणि कुणालाही न विचारता तिनं पलीकडच्या शेतातल्या शेजाऱ्याला हाक मारली, "भाऊजी, या हो लवकर!"

हा शेजारी मेंढरं राखतो, त्याची एकरभर शेतीही आहे. तो दोन भावांना घेऊन धावत आला. मागून मेंढरंही आली आणि सरळ सीताफळांत शिरली. त्यानं एका हातानं दोर धरला आणि दादांना म्हणाला,

"अण्णा, सोडा आता. टाके उसवले तर डॉक्टरकडं सावड नाय चालत."

दादांना हसू आलं. हसताना पोटाला कळ लागली, आणि त्यांनी दोर सोडला. बाकीच्यांनी पंप वर घेतला.

पण जेवताना दादांनी हिशोब काढला. "तीन माणसं आली त्याची. त्याचा पंप गुरुवारी काढायचाय. आता मी काय करू?"

"गुरुवारी हा ट्रॅक्टर जाईल," मी म्हणालो.

विंचच्या वायरी त्या बॅटरीवरून सोडवल्या. विंचपुरती वेगळी बॅटरी, तिचा वेगळा चार्जर, मध्ये जाड फ्यूज. गुरुवारी रजा टाकली. शेजाऱ्याच्या बाभळीला ट्रॅक्टर बांधला आणि बटण दादांच्या हातात दिलं. थोडा पंप वर आला की मी थांबवायला सांगायचो आणि मीटर लावायचो.

"सायेब, नाडी मागून बघा, आधी पेशंट वर येऊ द्या," शेजारी म्हणाला.

मी मीटर खिशात घातला. मग पंप न थांबता वर आला. दादांनी बटण सोडलं तेव्हा त्यांचा अंगठा पांढरा पडला होता.

मग वाद लागला. दादांच्या मते तीन माणसांची सावड होती, आपला एकच माणूस आला, दोन बाकी. शेजाऱ्याच्या मते ट्रॅक्टर सहा माणसांच्या बरोबरीचा, उलट तो स्वतःच तीन माणसं देणं लागतो. मेंढरांनी खाल्लेला पाला दोघांनीही धरला नाही. शेवटी पुढच्या वर्षी दोन्ही विहिरींवर ट्रॅक्टर न्यायचा आणि लागलेच तर ओढणारे शेजाऱ्याचे, असं ठरलं.

पैशात शेवटचं दिलं ते एवढंच: नव्या बॅटरीचे आणि चार्जरचे मिळून आठ हजार चारशे, बॅटरीवाल्याला. शेजाऱ्याला एक गुरुवार.