कागद त्यांचा, दम आमचा

सोलापूरहून अमेरिकेला निघायच्या दिवशी माझी मोठी बॅग पुन्हा पुन्हा उघडली जात होती. सासूबाई तिच्यात प्रेशर कुकर ठेवायच्या. मी तो काढून तिथं क्लॅरिनेटची पेटी ठेवायचे. शेवटी त्या वैतागल्या. म्हणाल्या, "अगं, तिकडं हे कुणापुढं वाजवणार आहेस? कुकर असला तर निदान वरणभात तरी होईल."

"आई, वरण पातेल्यातही शिजतं," मी म्हटलं आणि चेन ओढून घेतली.

माझे वडील, आप्पा, दारात उभे होते. पोलीस बँडमध्ये त्यांनी आयुष्यभर क्लॅरिनेट वाजवलं, नुकतेच रिटायर झाले होते. रिक्षा आली आणि मला हुंदका फुटला. ते म्हणाले, "रडायलीस कशाला? रडलं की दम तुटतो. तिथं रोज फुंकत जा. ओठ लई लवकर विसरतात." आशीर्वाद म्हणून एवढंच. ही २००२ची गोष्ट.

पोलीस लाईनीतल्या माझ्या मैत्रिणींनो, तुम्हाला आठवतच असेल. आप्पांनी मला शिकवायला घेतलं तेव्हा अख्खी लाईन हसली होती. "पोरगी काय वरातीत वाजवणार का?" असं लोक तोंडावर विचारायचे. आप्पा मला फक्त म्हणायचे, "परत पहिल्यापासून घे."

त्यांच्याकडे इंग्रजी धुनांची जुनी पानं होती, कडा झिजलेली. त्यातल्या एका मार्चवर, म्हणजे परेडच्या धुनेवर, माझा जीव होता. सुरुवातीला नुसती धावपळ, आणि मग मधोमध एक संथ, रुंद धून उघडते. वाकून काम करणारा माणूस हळूहळू पाठ सरळ करतो ना, तशी ती वर चढते. नव्या शिपायांच्या परेडला ती वाजली की ग्राउंडच्या कडेला उभ्या असलेल्या त्यांच्या आया पदर डोळ्याला लावायच्या. त्यांना कुठं माहीत होतं ती कुणी लिहिली! मी एकदा आप्पांना विचारलं, "इंग्रज गेले की. मग अजून त्यांचं का वाजवता?"

"कागद त्यांचा, दम आपला," ते म्हणाले. "इतकी वर्षं आमच्या छातीतनं निघतंय ते. आता कुणाचं झालं, तूच सांग."

नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीला आलो. माझा नवरा सुहास सकाळी ड्राइव्ह करून ऑफिसला जायचा आणि मी अपार्टमेंटमध्ये एकटी. डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. बीकॉमचं सर्टिफिकेट बॅगेतच पडून होतं. भिंती पातळ, शेजाऱ्यांची भीती, म्हणून मी कपड्यांच्या क्लॉझेटमध्ये शिरून, सुहासच्या हिवाळी कोटांमध्ये उभी राहून वाजवायचे. उन्हाळ्यात घामाच्या धारा लागायच्या. तरी एक दिवस चुकवला नाही.

एका दुपारी मी तीच संथ धून वाजवत असताना दार वाजलं. खालच्या मजल्यावरची हेलन, सत्तरीची बाई. आता ही कम्प्लेंट करणार, म्हणून मी आधीच "सॉरी" म्हणून टाकलं. ती म्हणाली, "सॉरी कसलं? आमच्या ग्रॅज्युएशनची धून तुला कशी येते?"

"तुमची? ही तर माझ्या वडिलांच्या बँडची."

 इथल्या शाळाकॉलेजांत पदवी देताना हीच धून वाजते, हे मला तेव्हा कळलं. आणि ती एका इंग्रजानं लिहिली, हे हेलनला. "नॉनसेन्स," ती म्हणाली, आणि आत येऊन सोफ्यावर बसली. "पुन्हा वाजव."

हेलनचा भाऊ गावातल्या हौशी बँडमध्ये ट्युबा, ते भलंमोठं पितळी वाद्य, वाजवायचा. पुढच्या आठवड्यात ती मला तिथं घेऊन गेली. पगार नसल्यामुळे व्हिसाची अडचण नव्हती. बँडमास्तर डॅन हा शाळेतला निवृत्त संगीतशिक्षक. त्यानं माझं वाजवणं ऐकलं आणि खुर्ची दाखवली. कुठून आलीस, किती वर्षं राहणार, काही विचारलं नाही. त्या देशात माझ्यासाठी मांडलेली ती पहिली खुर्ची. मी तिच्यावर अशी बसले की आता कुणी उठवून दाखवावं.

उठवू बघणारे निघाले आपलेच लोक. २००५च्या गणेशोत्सवात इथल्या मराठी मंडळानं मला वाजवायला सांगितलं. मी तीच धून निवडली. कमिटीवर एक सीनियर डॉक्टर काका होते, फार वर्षांपूर्वी आलेले. मीटिंगमध्ये म्हणाले, "गणपतीत गुलामीचं संगीत नको. एखादं भजन बसव."

मी विचारलं, "काका, तुमची मुलगी ग्रॅज्युएट झाली तेव्हा तुम्ही याच धुनेवर टाळ्या वाजवल्या ना?"

"ती अमेरिकन धून आहे."

"नाही काका. तीही इंग्रजाचीच. हीच."

 सुहास माझ्या कानाशी कुजबुजला, "यार, वाजव ना एखादं भजन. कशाला वाद?" भजनं मला येतात, आवडतातही. पण आप्पांच्या श्वासाला कुणी गुलाम म्हटल्यावर त्याच तोंडानं मी भजन वाजवणार नव्हते. "मग माझं नाव कॅन्सल करा," मी म्हटलं. त्यांनी केलं.  गाडी घराजवळ आल्यावर सुहास म्हणाला, "बरोबर केलंस. पण पुढच्या वेळी मला आधी सांग, म्हणजे मीही काहीतरी बोलेन."

पुढच्या उन्हाळ्यात आप्पा आले. त्यांना कवळी बसवली होती, त्यामुळे क्लॅरिनेट सुटलं होतं. आमच्या बँडचा पार्कात कार्यक्रम होता आणि मी मंडळातल्या सगळ्यांना ईमेल केला, डॉक्टर काकांनासुद्धा. बरेच जण फोल्डिंग खुर्च्या आणि पोह्यांचे डबे घेऊन आले. काका आले, काकूंनी आणलं म्हणून.

मार्च सुरू झाला. धावपळ संपली, ती संथ धून उघडली, आणि पहिल्या रांगेत आप्पा ताडकन उभे राहिले. सावधान. हात मांड्यांना चिकटलेले, छाती पुढं. त्यांना बघून मागची मंडळी गोंधळली. कुठलं तरी राष्ट्रगीत असावं असं वाटून एकेक उठू लागले, पोह्यांच्या प्लेटा हातात धरून. हेलन डोळे पुसत उठली. अख्खा पार्क उभा राहिला. डॉक्टर काका मात्र बसूनच राहिले. राहू देत. मला हसू आवरेना, आणि हसताना क्लॅरिनेट वाजत नाही, म्हणून पाय जमिनीत रोवून दम धरला आणि शेवटच्या सुरापर्यंत सोडला नाही.

नंतर मंडळातल्या एका मावशींनी आप्पांना विचारलं, "आपण नोकरीत काय करत होता?" मी तिथंच होते. तोवर अशा प्रश्नाला घरचे सगळे "पोलिसात होते" एवढंच सांगायचे. आप्पा खणखणीत आवाजात म्हणाले, "बँडवाला. मी आणि ही. दोघं बँडवाले."

आता २००८ चालू आहे. आमचं ग्रीन कार्ड आलं. मला एका ऑफिसात अकाउंट्सचं काम मिळालं. तुमच्यातल्या काही जणी फोनवर म्हणतात, तू आता तिकडचीच झालीस. इथले काही म्हणतात, हिला आपल्या संस्कृतीचं काही नाही. दोन्हीकडचे लोक माझं घर मला बोटानं दाखवत असतात. मी तिकडं बघत नाही. ज्या धुनेवर सोलापूरच्या आया रडतात आणि कॅरीची म्हातारीही रडते, ती वाजवणाऱ्या बाईला एकच पत्ता सांगा म्हणणं मला मान्य नाही.

डिसेंबरात सोलापूरला येतेय. निघताना इथल्यांना सांगेन, घरी चालले. जानेवारीत तिकडून निघताना तुम्हालाही तेच सांगेन. कुणाला त्यात चूक दिसली तर दिसू दे.