हँडबॉलचा माणूस हॉकीच्या गावी

कुशिरोला जायचं ठरलं ते आमच्या नातीच्या हट्टामुळे, आणि मी निघालो ते माझ्या हट्टामुळे. नात म्हणजे इरा, वय अकरा, राहणार टोकियोजवळचं ग्योतोकु. तिथून ती आठवड्यातून दोनदा चिबातल्या रिंकवर आइस हॉकी खेळायला जाते. गोलकीपर आहे. फेब्रुवारीत तिचा संघ सराव सामन्यासाठी होक्काइदोतल्या कुशिरो गावी निघाला होता. मी कराडकडचा निवृत्त पीटी शिक्षक, तीस वर्षं मुलींना हँडबॉल शिकवलेला. तीन महिन्यांसाठी मुलाकडे आलो होतो. नात हँडबॉल सोडून बर्फावर घसरते, याचा मला मनातून रागच होता.

"जपानमध्ये जास्त कोण चालतं रे, हँडबॉल की तुमची ती हॉकी?" मी मुलाला, नितीनला विचारलं.

"बाबा, बेसबॉलपुढे दोन्ही सारखेच. कुणी बघत नाही."

असं उत्तर मला चालत नाही. म्हटलं, मीच विचारत फिरतो. भाषा नितीनची, प्रश्न माझा.

ग्योतोकुत मी दणदणीत जिंकलो. कोपऱ्यावरच्या कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, गल्ल्यावरची मुलगी शाळेत हँडबॉल खेळलेली निघाली. नितीनच्या ऑफिसातल्या दोघांच्या शाळेत हँडबॉलचा क्लब होता. हॉकीची काठी मात्र कुणी हातात धरलेली नव्हती. मी इराकडे विजयी मुद्रेने पाहिलं. ती जपानीत काहीतरी पुटपुटली आणि नितीन हसला. काय म्हणाली ते त्याने सांगितलं नाही.

टोकियोच्या हानेदा विमानतळावरून कुशिरो विमानाने पावणेदोन तासांच्या आतबाहेर. तिकीट दोन महिने आधी काढलंत तर परवडतं, ऐनवेळी काढाल तर डोळे पांढरे होतील. विमानतळावरून गावात बस जाते, पाऊण तास लागतो. एक सांगून ठेवतो, पुण्यात घेतलेली थर्मल तिथे काही कामाची नाहीत. तिथे पोचल्यावर विकत घ्या. बुटांना खाली खिळे लावायचे पट्टेही मिळतात, तेही घ्या. मी घेतले नाहीत आणि स्टेशनबाहेर बसलो की खाली.

कुशिरोत माझा सपशेल पराभव झाला. टॅक्सीवाला हॉकी खेळलेला, त्याची बायको खेळलेली, मुलगा अजून खेळतो. कोळशावर मासे भाजून देणाऱ्या खानावळीतल्या सत्तरीच्या बाईंनी मला ऑफसाइडचा नियम टेबलावर चॉपस्टिक मांडून समजावला. हँडबॉलचं विचारल्यावर म्हणाल्या, "शाळेत असतो बहुतेक." तो 'बहुतेक' मला फार लागला. आमच्याकडेही तीस वर्षं हेच ऐकलं होतं. हँडबॉल म्हणजे व्हॉलीबॉलच ना सर? तर माझा निकाल असा: जपानात हँडबॉल सगळीकडे थोडा थोडा आहे आणि हॉकी मोजक्या गावांत पोटभर आहे. तिथे झांगी नावाची कोंबडीची भजी मिळतात, आलं-लसूण घातलेली. तीन प्लेटा खाल्ल्या, तेव्हा कुठे पराभव पचला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी उठून शाळेकडे गेलो. सामना दहाला, तिथल्या मैदानावर. कुशिरोत बर्फ फार पडत नाही पण थंडी कडाक्याची, म्हणून शाळेच्या मैदानाला फळ्यांचं कुंपण घालून त्यात पाणी मारतात आणि त्याचाच रिंक होतो. हे कुणी सरकारी माणूस करत नाही. मुलांचे आईबाप, आजे, शेजारी पाळी लावून करतात. त्या दिवशी हासेगावा-सान म्हणून एक आजोबा होते, माझ्याच वयाचे. त्यांची नातवंडं केव्हाच मोठी होऊन सापोरोला गेलीत, तरी हे दर हिवाळ्यात उभे.

त्यांच्या हातात पाण्याचा पाइप बघितला आणि मला आमच्या शाळेचं मैदान आठवलं. रोज संध्याकाळी मी मैदानावर पाणी मारायचो. धूळ बसायची, मातीचा वास सुटायचा, मग फक्कीच्या रेघा. मुली हळूहळू जमायच्या, कुणी चप्पल तारेवर अडकवायची, कुणी डबा संपवत यायची. ते दिवस गेले आणि मला ते फार हवे आहेत, हे तिथे उणे चौदात उभं असताना एकदम कळलं. मी खुणेने पाइप मागितला. हासेगावा-सान हसले, पाइप दिला आणि पलीकडच्या टोकाला फळी ठोकायला गेले.

मी पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून सवयीप्रमाणे कारंजं उडवलं. गोलपुढची माती आधी उखडते, म्हणून तिथे नेहमी दोनदा मारायचं, तसं दोनदा मारलं. हात कसे आपोआप चालत होते. पण बर्फावर पाणी पातळ आणि सपाट सोडायचं असतं, हे मला कोण सांगणार? त्या जागी गोठून वरंबा झाला. मला तो दिसला, पण वाटलं, असेल असंच.

सामना फार सुंदर झाला. इराने दोन गोल खाल्ले, पण सात वाचवले. शेवटच्या मिनिटाला बरोबरी होती. समोरच्या मुलीने रबरी चकती, म्हणजे यांचा चेंडू, मारली, इरा डावीकडे सरकली, स्केट त्या वरंब्यावर अडकला आणि ती तोंडावर आपटली. चकती तिच्या अंगावरून आत गेली. हरले.

खेळ संपल्यावर इरा आपल्या मैत्रिणींपुढे कमरेत वाकून माफी मागत होती. मग नितीनला मराठीत म्हणाली, "बाबा, मी आता गोलमध्ये नाही उभी राहणार. माझे पाय बरोबर नाहीत."

 हे वाक्य माझं होतं. बावीस वर्षांपूर्वी जिल्ह्याची अंतिम मॅच आमच्या मैदानावर झाली. शुभांगी म्हणून दहावीतली मुलगी गोलकीपर होती, माझ्या हाताखाली तिच्याइतकी चांगली कुणी तयार झाली नाही. अखेरच्या फटक्याला ती घसरली आणि आम्ही हरलो. मी सगळ्या गावासमोर ओरडलो, "पाय धड ठेवता येत नाहीत तर उभी कशाला राहतेस?" ती पुन्हा मैदानावर आली नाही. तिच्या बुटाला चिखल होता. सकाळी गोलपुढे जास्त पाणी मी मारलं होतं आणि ते वाळलं नव्हतं. हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. मी कुणाजवळ हूं की चूं केलं नाही.

"नितीन, मुलींना सांग, तो वरंबा माझ्यामुळे झाला."

"बाबा, जाऊ द्या ना. कुणाला माहीत नाही."

"म्हणून तर सांग."

त्याने सांगितलं. मी त्या पंधरा मुलींसमोर वाकलो. जन्मात कुठल्या विद्यार्थ्यासमोर वाकलो नव्हतो, त्यामुळे जमलंही वाकडंतिकडं.  हासेगावा-सान पुढे आले आणि म्हणाले, "पाइप देऊन मी निघून गेलो, माझंही चुकलं." तेही वाकले. मग दोघं मिळून आम्ही किटलीतलं गरम पाणी ओतून तो वरंबा सपाट केला. वरून पाइपने पाणी सोडताना ते मला मनगट धरून शिकवत होते. पाइप खाली, पाऊल मागे, न थांबता.

परतीच्या बसमध्ये इरा माझ्याशेजारी बसली. मराठी तिला येतं, पण ती सहसा माझ्याशी जपानीतच बोलते आणि मी मान हलवतो. त्या दिवशी मी तिला शुभांगीची सगळी गोष्ट सांगितली. तिने नीट ऐकली.

"आजोबा, तिला सॉरी म्हणालात?"

"नाही."

"नांदे?"

म्हणजे का. एवढं जपानी मला येतं.  ग्योतोकुला पोचेपर्यंत तिने पुन्हा विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात ती गोलमध्ये उभी राहिली, एवढं बरं झालं.

मार्चअखेर कराडला आलो. शुभांगी आता शेजारच्याच गावात असते, औषधाचं दुकान चालवते. इतकी वर्षं मी त्या रस्त्याने जायचं टाळत होतो. गेलो. तिने ओळखलं, आत बसवलं, चहा टाकला. मी सगळं सांगितलं. पाणी, चिखल, सगळं.

"मला तेव्हाच माहीत होतं, सर," ती म्हणाली. "घरी जाऊन बूट मीच धुतले होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सर होता."

 चहा घेतला. विषय बदलावा म्हणून विचारलं, घरात कोण कोण आहे. मुलगी आठवीत आहे म्हणाली. उंच आहे, हात लांब आहेत, शाळेच्या हँडबॉलच्या संघात तिला घेत होते.

"मग?"

"मी नको म्हणाले."

आमच्या तालुक्यात हँडबॉल कमी का झाला, म्हणून मी तीस वर्षं सरकारला शिव्या दिल्या, क्रिकेटला दिल्या, मोबाइलला दिल्या. त्या दुकानामागच्या खोलीत मला कुणालाच शिवी देता आली नाही.