साहेबाची बोट आणि देवमन भाऊजी

बोट म्हटलं की आमच्या बडनेऱ्याच्या माणसाच्या डोळ्यांसमोर काहीच येत नाही. आमच्याकडे येते ती आगगाडी. पण एकोणसाठ ते एकसष्ट अशी दोन वर्षं आमच्या घरात बोटीशिवाय दुसरं बोलणं नव्हतं, कारण माझ्या मोठ्या बहिणीचा, शालूचा, नवरा कलकत्त्याला एका साहेबाच्या शिडाच्या बोटीवर कामाला होता.

देवमन भाऊजी मूळचे अकोल्याचे. तिथे कापसाची खरेदी करणाऱ्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर ते पडेल ते काम करत. उंच, सावळे, आणि इतकं कमी बोलणारे की लग्नात आमच्या आत्याने आईला बाजूला घेऊन विचारलं, "भागीरथे, जावई मुका तं नाई ना व?" लग्न सत्तावन्न सालचं. आदल्या वर्षी आमच्या वस्तीने नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती, त्यामुळे लग्न नव्या पद्धतीचं. काय म्हणायचं ते धड कुणालाच पाठ नव्हतं. एकजण वही धरून वाचत होता आणि बाकीचे मागून अडखळत म्हणत होते. शालू पांढऱ्या पातळात इतकी सुंदर दिसत होती की मला तिचा हेवा वाटला. मी तेरा वर्षांची होते आणि स्वभावाने तेव्हाही तिखटच होते.

साहेबाची कलकत्त्याला बदली झाली तेव्हा तो भाऊजींना बरोबर घेऊन गेला. दोन वर्षांनी साहेब विलायतेला जाणार, मग भाऊजी परत येणार, असं ठरलं होतं. शालू आमच्याकडे राहिली; मधे साठच्या उन्हाळ्यात भाऊजी पंधरा दिवस रजेवर येऊन गेले, तेवढेच. तिला वाचता येत नव्हतं. भाऊजींची पत्रं मी वाचून दाखवायची, आणि त्यांत काही लाडाचं असलं की नेमकं तेवढंच दोनदा, शेजारी ऐकू जाईल असं वाचायची. ती मला लाटणं घेऊन मारायला धावायची.

पत्रांत असायची ती बोट. तिची शिडाची काठी ताडाएवढी उंच आहे. पुलाखालून ती काठी जात नाही, म्हणून बोट आली की पूलच वर उचलतात, आपल्या फाटकाची दांडी उचलतात तसा. तोवर बैलगाड्या आणि मोटारी मुकाट्याने थांबून राहतात. हे ऐकून आई म्हणाली, "तिथं बोटीसाठी पूल उचलतेत, आन इथं आमाले नाल्यावर साधा पूल बांधून देत नाईत." एकदा भाऊजींनी लिहिलं की इथली नदी दिवसातून दोनदा उलटी वाहते. समुद्राचं पाणी आत शिरतं, नदी काठोकाठ भरते आणि सहा तासांनी रिकामी होते. शालूने ते काही मानलं नाही. "मले येडी समजून राह्यले," ती म्हणाली. "नदी काहून उलटी वाहीन?"

खरं सांगायचं तर भाऊजींनाही ती नदी फक्त काठावरून ठाऊक होती. साहेबाची बोट गोदीत बांधलेली असे. गोदीला दरवाजे असतात, ते पाणी अडवून ठेवतात, त्यामुळे बाहेर भरती असो की ओहोटी, आतलं पाणी आपल्या विहिरीसारखं एका जागी. भाऊजी बोटीवर झोपत, पितळ घासत, फाटलेलं शीड शिवत. साहेब ती बाहेर काढी तेव्हा गोदीतले सरावाचे खलाशी बरोबर घेई.

एकसष्टच्या फेब्रुवारीत शालू बाळंत झाली. मूल जन्मतःच गेलं. दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला आणि तो उतरेना. दवाखान्यातल्या बाईंनी आईला बाहेर बोलावून सांगितलं की जावयाला बोलावून घ्या. मी सायकल काढून तारघरात गेले आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत तार केली. तार दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींच्या हातात पडली. ते त्याच संध्याकाळच्या मेलने निघाले असते, तर पुढच्या रात्री बडनेऱ्याला पोचले असते. शालू त्या रात्री शुद्धीवर होती. तिला तेवढंच हवं होतं.

मेलची शिटी वाजली की ती उशीवरून मान उचलायची. "आली का व मेल?"

"आली," मी म्हणायची.

"उतरले काय पाह्य ना."

मी स्टेशनावर जायची आणि एकटी परत यायची. आई तिला म्हणायची, उद्या येतील. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. जाईपर्यंत तिच्या तोंडात एकच नाव होतं.

भाऊजी त्याच रात्री आले. सगळं आटोपलं होतं. गंजीफ्रॉक आणि पायजमा छातीपर्यंत वाळलेल्या चिखलाने कडक झालेला. ते भिंतीला टेकून खाली बसले. आईने विचारलं, "इतका उशीर काहून केला, जावईबापू?" ते म्हणाले, "साहेबाची बोट पोचवाची होती." एवढंच. 

माझ्या अंगाची लाही लाही झाली. बहीण मरायला टेकलेली आणि हा माणूस साहेबाची बोट पोचवत होता. थोड्या वेळाने त्यांनी मान वर करून मला विचारलं, "जयवंता, काही बोलली का ती माह्यासाठी?"

"नाई," मी म्हणाले. "तुमचं नावबी नाई घेतलं तिनं."

मला त्यांना दुखवायचं होतं, आणि मी दुखवलं. त्यानंतर मी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

ते कलकत्त्याला परत गेले नाहीत. अमरावतीच्या एका जिनिंगमध्ये सरकीची पोती गाडीत भरून गावोगाव पोचवायच्या कामाला लागले. दुसरं लग्न केलं नाही. आमच्याच गल्लीच्या टोकाला खोली घेऊन राहिले आणि आईला दर रविवारी भाजी आणून देत. आई त्यांना चहा करी. मी परसात निघून जायची. पुढे मी ट्रेनिंग करून मास्तरीण झाले, पेढी नदीपलीकडच्या एका गावात शाळेवर लागले. लोक म्हणायचे बाई हुशार आहे पण मन दगडाचं आहे. मलाही ते ऐकून बरंच वाटायचं.

सदुसष्टच्या भाद्रपदात एका शनिवारी मी शाळेतून घरी निघाले, तर पेढीला पूर. नदीवरच्या बुटक्या फरशीपुलावरून कमरेएवढं पाणी चाललेलं. माझ्या काठाला चार-पाच गाड्या सोडून माणसं बाभळीखाली बसली होती. त्यांत रिकाम्या गाडीपाशी भाऊजी होते. मी मुद्दाम त्यांच्याकडे पाठ करून बसले. तेवढ्यात एका तरण्या गाडीवानाला काय हुक्की आली कुणास ठाऊक, तो बैल जुंपून पाण्याकडे निघाला. मी ओरडले, "घाई काहून करून राह्यला? पानी उतरू दे, मंग जाय."

गाडीवान थांबला. माझ्या मागून भाऊजींचा आवाज आला. "मीबी तेच केलं होतं, जयवंता."

मी वळले नाही. ते बोलत राहिले. सहा वर्षांत न बोललेलं सगळं त्या बाभळीखाली बसून बोलले.

तार आली तेव्हा बोट गोदीबाहेर नदीत, एका खाडीच्या तोंडाशी नांगरलेली होती. साहेबाने ती विकली होती. खाडीतल्या उचलत्या पुलापलीकडे घेणाऱ्याची जागा होती. खलाशी आदल्या दिवशीच मोकळे केले होते, आणि साहेबाला एकट्याने तर ती बोट हलवता येत नव्हती. साहेब म्हणाला, दुपारी पाणी भरलं की अर्ध्या तासात पुलातून जाऊ, पूल तेवढा वेळच उघडतात. मग माझ्या मोटारीने तुला स्टेशनावर सोडतो. मेल संध्याकाळची होती. वेळ भरपूर होता. साहेब निरोपाच्या पार्टीत रात्रभर जागलेला. "पानी ठहरेगा तो हमको उठाना," असं सांगून तो आडवा झाला.

"पानी चढत चढत काठाले लागलं," भाऊजी म्हणाले. "मंग ठह्यरलं. मी पाह्यलं. पन एवढी नदी भरलेली, या काठापासून त्या काठालोक. आपल्याकडं अशा पुरात कोनी पाय टाकते का? मले वाटलं, थोडं उतरू द्याव. घाई केली आन बुडालो, तं शालूकडं कोन जाईन? म्हनून बसलो. हातभर उतरलं, तवा उठवलं साहेबाले."

साहेबाने काठाकडे पाहिलं आणि शिव्या घालतच शीड चढवलं. पण तिथे उतरतं पाणी म्हणजे गेलेली वेळ. ते खाडीत शिरले, पूल समोर दिसत होता, पुलावरच्या माणसाने त्यांच्यासाठी घंटाही वाजवली. पूल वर उचलला. आणि त्या उघड्या पुलापासून शंभर पावलांवर बोट गाळात रुतली. पाणी खालून निघून गेलं, बोट एका अंगावर कलली. थोडा वेळ वाट पाहून त्यांनी पूल पुन्हा खाली टेकवला, आणि अडलेल्या गाड्या सुरू झाल्या.

आता बारा तासांनी पाणी येणार. भाऊजींनी बोटीवरून गाळात उडी टाकली. दहा पावलांत ते छातीपर्यंत आत गेले. साहेबाने दोर फेकून त्यांना ओढून घेतलं. त्यांनी पुन्हा उडी टाकली. साहेबाने पुन्हा ओढलं आणि दोर त्यांच्या कमरेला बांधून काठीशी अडकवला.

"समोर रस्ता दिसत होता," ते म्हणाले. "मानसं चालून राह्यली होती. सायकली जाऊन राह्यल्या होत्या. अंधार पडेलोक पाहत बसलो. मेलचा टाइम झाला, मेल गेली."

 त्या बोटीवर मी असते, तर मीही तेच केलं असतं. या नदीकाठचा कुणीही तेच केलं असतं. आत्ताच तर मी त्या गाडीवानाला तेच सांगितलं होतं. सहा वर्षं मी ज्या माणसाला नोकरीला चिकटलेला, निष्काळजी समजत होते, तो जपून पोचायचं म्हणून थांबला होता. मला माझीच लाज वाटली. वाटलं, आता वळावं आणि खरं ते सांगून टाकावं. सांगावं की ती शेवटपर्यंत तुमचं नाव घेत होती, भाऊजी, प्रत्येक शिटीला मान उचलत होती. मी वळले, तोंडही उघडलं.

पण ते पाण्याकडे पाहत होते आणि त्यांचा चेहरा कधी नव्हे इतका शांत होता.

"तू त्या राती म्हनली ना, नाव नाई घेतलं म्हनून," ते म्हणाले. "तवा लय लागलं. पन मंग उमजलं, बरंच झालं. वाट पाहत नाई गेली ती. तिनं वाट पाह्यली असती आन मी तिकडं गाळात बसून राह्यलो असतो, तं मी जगलो नसतो. एवढ्या एका गोष्टीवर दिवस काढून राह्यलो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "खरंच नाई ना घेतलं?"

पूर ओसरत होता. गाडीवान बैल जुंपू लागले होते.

"नाई घेतलं, भाऊजी," मी म्हणाले. सहा वर्षांनंतर त्यांच्याशी बोललेलं ते माझं पहिलं वाक्य, आणि तेही खोटं.