पुतळीचा स्टार्टर

पेणच्या मिनीडोर स्टँडवर कोणी तुमच्याशी गोड बोललं, तर आधी खिसा चाचपावा. पुतळी ही वेळ कधी येऊ देत नाही. खारेपाटातल्या मिठागरावर वाढलेली ही बाई पेण-वडखळ मिनीडोर, म्हणजे सीटा भरून नेणारी तीनचाकी, चालवते आणि कोणी पाय जरा लांब केला तरी खेकसते. मी रोज तिच्याच गाडीने कामावर जातो, कारण ती वेळेवर निघते. बाकी तिच्यात आवडावं असं मला काही सापडलेलं नाही.

स्टँडचा पुढारी सखा. त्याला ही बाई तिथे नकोच होती. त्याने नियम करून ठेवला होता : नंबर आला आणि गाडी चालू झाली नाही, तर नंबर मागच्याचा. पुतळीचा जुना स्टार्टर ऐनवेळी रुसायचा आणि भरलेल्या सीटा मागच्या गाडीत जायच्या. शेवटी तिने गिअरचा स्टार्टर बसवून घेतला. तो चिमुकला डबा बघून सखा म्हणाला, "मिक्सर लावलास काय गो?"

तिने फक्त चावी फिरवली. या स्टार्टरमधली मोटर लहान, पण भन्नाट फिरते. मधले गिअर तिचा वेग उतरवतात आणि जोर वाढवतात, म्हणून थोड्या करंटवरही इंजिन फिरतं. गाडी एका दमात चालू झाली. त्यानंतर पुतळीचा नंबर काही जाईना आणि सखाचा जळफळाट रोज दिसू लागला.

परवा सकाळी मात्र चावी फिरवली तर नुसतं 'टक्' झालं. खाऱ्या हवेने बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी भुकटी धरली होती. ती पुसायला पुतळी उतरली, तोवर मागच्या नंबरवरचा सखा लोखंडी रॉड घेऊन आला. अडकलेल्या स्टार्टरला दणका द्यायचा, ही इथली जुनी रीत.

"हात नको लावू. यात चुंबक हाय, फुटंल," ती म्हणाली.

सखाने हाणलाच. आत खळ्ळ झालं. टर्मिनल पुसून तिने चावी फिरवली, पण स्टार्टर फिरेना.

"गेला तुझा नंबर," सखा म्हणाला आणि आम्हाला त्याच्या गाडीत बोलावू लागला. मला त्याचा मनापासून संताप आला.

पुतळी स्टिअरिंगवर जाऊन बसली. "कोणी उतरायचं नाय," ती आम्हाला म्हणाली. कोणी उतरलं नाही. सखापेक्षा आम्हाला तिची भीती जास्त.

मग ती सखाला म्हणाली, "माझी गाडी पुढं हाय. तुला जायचं तर मला बाजूला कर."

स्टँडची गल्ली एवढी अरुंद की दुसरा इलाजच नव्हता. मागून हॉर्न सुरू झाले. सखाने शिव्या देत स्टँडवरच्या आणखी दोघांना हाक मारली आणि आम्हा सगळ्यांसकट गाडी ढकलायला लागला. पुढे रस्त्याकडे उतार आहे. तिथे वेग येताच पुतळीने दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला. गाडी हिसका देऊन चालू झाली.

"झाली चालू. नंबर माझा," ती खिडकीतून ओरडली. "नि नवा स्टार्टर आणून देईस्तोवर रोज तूच ढकलायची."